९ जुलैची बातमी

३१ मे २००२. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड अभ्यासाच्या सुरक्षा समितीची बैठक भरली होती. देशभरातल्या ४० केंद्रांवर १६,६०८ बायका काही वर्षं रोज एक गोळी घेत होत्या. निम्म्या बायकांच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरकं होती, उरलेल्यांच्या गोळीत औषधच नव्हतं. आपल्या वाट्याला कुठली गोळी आली आहे हे त्या बाईला माहीत नव्हतं आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी-शेजारी पाहण्याचा अधिकार होता तो या समितीला. अभ्यास २००५ पर्यंत चालायचा होता. त्या दिवशीचे तक्ते पाहून समितीने सांगितलं, हा भाग आता थांबवा.

९ जुलैला बातमी फुटली आणि जगभरच्या दवाखान्यांतले फोन वाजू लागले. हृदय जपण्यासाठी म्हणून जी गोळी दिली जात होती, ती घेणाऱ्यांतच हृदयविकार जास्त निघाला होता. १०,००० बायकांमागे वर्षाला औषधाविना ३०, तर गोळीसह ३७. पक्षाघात ८ नी जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रकार ८ नी जास्त, स्तनाचा कर्करोग ८ नी जास्त. खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण ५ नी घटलं होतं, मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ नी. लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या. ज्यांच्या अंगातून दिवसातून दहा वेळा वाफा निघत, रात्री चादर घामाने भिजे, त्यांनीही.

एवढा मोठा विश्वास मुळात बसला कसा? पाळी चालू असेपर्यंत बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी होतो आणि पाळी गेल्यावर तो वाढत जातो, हे डॉक्टर रोज पाहत होते. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं. मग ते बाहेरून दिलं तर हृदय सांभाळलं जाईल, हा तर्क सरळ होता. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं ‘प्रेमॅरिन’ अमेरिकेत १९४२ पासून मिळत होतं. १९६६ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरेव्हर’ नावाचं पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा एक अभावाचा आजार ठरवून टाकला आणि ते पुस्तक धो धो खपलं. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे कळलं, तेव्हा गर्भपिशवी असलेल्या बायकांसाठी जोडीला प्रोजेस्टिन आलं. गोळी टिकली.

एक धोक्याची खूण मात्र तेव्हाच पडली होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर ‘कॉरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या प्रयोगात इस्ट्रोजेन वापरून पाहिलं गेलं. त्यांचे त्रास वाढले आणि मोठ्या मात्रेचा गट १९७० मध्ये बंद करावा लागला. पुरुषांचं शरीर वेगळं, मात्राही मोठी, म्हणून ती खूण मागे पडली.

१९८५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध छापून आले. अमेरिकेतल्या लाखाहून अधिक नर्सेसचा अभ्यास म्हणत होता, इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत हृदयविकार कमी. फ्रेमिंगहॅम गावचा अभ्यास म्हणत होता, जास्त. जगाने नर्सेसचं ऐकलं. त्यांची संख्या मोठी होती, पुढच्या वर्षांतले आकडेही तेच सांगत राहिले आणि उत्तर सगळ्यांना हवं होतं तेच होतं.

कॅलिफोर्नियाच्या एलिझाबेथ बॅरेट-कॉनर यांच्यासारख्या थोड्या संशोधकांनी मात्र एक प्रश्न लावून धरला. ही गोळी वर्षानुवर्षं घेते ती बाई कोण असते? बहुधा शिकलेली, हाती चार पैसे असलेली, वेळच्या वेळी तपासण्या करून घेणारी. तिचं हृदय गोळीने जपलं की तिच्या बाकीच्या आयुष्याने? या शंकेला बळ देणारा पुरावा त्याच कॉरोनरी ड्रग प्रोजेक्टमधून १९८० साली पुढे आला होता, आणि मला तो या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा वाटतो. औषध नसलेली गोळी मिळालेल्या पुरुषांत, जे ती नेमाने घेत होते त्यांच्यापैकी पाच वर्षांत १५ टक्के दगावले. जे चुकारपणा करत त्यांच्यातले २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं. नेमाने गोळी घेणारा माणूसच वेगळा होता.

या शंकेचं निरसन निरीक्षणाने होणार नव्हतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गोळ्यांची वाटणी करूनच ते होणार होतं. १९९१ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या प्रमुख झाल्या. त्या पदावरची ही पहिली स्त्री. हृदयरोगाचे मोठे प्रयोग पुरुषांवर करून निष्कर्ष बायकांना लावायचे, ही रीत त्यांना असह्य होती. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह उभं राहिलं ते त्यांच्या आग्रहामुळे.

त्याचे निकाल यायच्या आधी, १९९८ मध्ये, आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांवरचा ‘हर्स’ हा प्रयोग संपला. चार वर्षांच्या अखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. पण पहिल्याच वर्षात गोळी घेणाऱ्या गटात हृदयविकाराच्या ५७ घटना घडल्या होत्या, दुसऱ्या गटात ३८. २००२ ची बातमी म्हणजे त्यानंतरचा शेवटचा घाव होता.

इथे गोष्ट संपली असती, तर आजचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण तक्त्यांत एक आकडा उघड्यावरच पडला होता. अभ्यासात आलेल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. ५० ते ५९ वयाच्या बायका जेमतेम एक तृतीयांश होत्या. पन्नाशीत झटके कमी येतात, त्यामुळे काही वर्षांत फरक दिसायचा तर वयाने मोठ्या बायका लागणार होत्या. शिवाय वाफांचा फार त्रास असलेल्या बायकांना सहभागापासून परावृत्त केलं जाई, कारण आपल्याला खोटी गोळी मिळाली आहे हे त्यांनी चटकन ओळखलं असतं. म्हणजे पाळी नुकतीच गेलेली, त्रासलेली, औषध मागायला येणारी बाई या आकड्यांत फारशी नव्हतीच. तरीही त्या आकड्यांची भीती तिच्याच वाट्याला आली.

औषध लवकर सुरू केल्याने फरक पडतो का, याच्या उत्तराचा धागा नॉर्थ कॅरोलिनातल्या माकडांमध्ये होता. वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या थॉमस क्लार्कसन यांनी मादी माकडांचे अंडाशय काढून त्यांना चरबीयुक्त आहार दिला. लगेच इस्ट्रोजेन मिळालेल्या माकडिणींच्या हृदयवाहिन्यांत चरबीचे थर सुमारे ७० टक्के कमी साचले. दोन वर्षं थांबून, म्हणजे माणसाच्या हिशेबाने सहाएक वर्षांनी, तेच इस्ट्रोजेन दिलं तेव्हा काहीच फायदा झाला नाही. निरोगी रक्तवाहिनीचं अस्तर इस्ट्रोजेनमुळे लवचीक राहतं. थर जुने झालेल्या वाहिनीत तेच इस्ट्रोजेन थर फुटायला आणि त्यावर गुठळी बसायला हातभार लावू शकतं. कोरड्या भिंतीला रंग राखतो. ओल धरलेल्या भिंतीवर तो पापुद्र्यांनी सुटून येतो.

मग माणसांचे आकडे पुन्हा उघडले गेले. २००७ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचे प्रमुख जॅक रोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच बायकांची विभागणी पाळी गेल्यापासूनच्या वर्षांवरून केली. दहा वर्षांच्या आत असलेल्यांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही, आकडा घटीकडेच झुकलेला होता. वीस वर्षं उलटलेल्यांत तो २८ टक्क्यांनी जास्त होता. २०१६ मध्ये हॉवर्ड होडिस यांच्या ‘एलीट’ प्रयोगात ६४३ बायकांच्या मानेतल्या रोहिणीची जाडी वर्षानुवर्षं मोजली गेली. पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत औषध सुरू केलेल्यांत ती सावकाश वाढली. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांत फरक पडला नाही. भिंतीची जाडी म्हणजे झटका नव्हे, हे इथे विसरता येणार नाही. हृदयाच्या वाहिन्यांतल्या कॅल्शियममध्ये याच प्रयोगात फरक आढळला नव्हता.

औषध कोणत्या वाटेने शरीरात जातं, यानेही फरक पडतो. पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवू लागतं. त्वचेवरच्या पट्टीतून किंवा जेलमधून गेलेलं इस्ट्रोजेन ती वाट टाळतं. फ्रान्समधल्या ‘एस्थर’ या अभ्यासात गोळीवाल्यांत शिरांतल्या गुठळ्यांचा धोका सुमारे साडेतीनपट दिसला, पट्टी-जेलवाल्यांत वाढ दिसली नाही. हाही निरीक्षणाचाच अभ्यास आहे आणि नर्सेसच्या अनुभवानंतर अशा निष्कर्षाला जपूनच हात लावायला हवा. पण त्यामागचं शरीरशास्त्र पक्कं आहे.

आज जाणकारांचं मत असं आहे: केवळ हृदय जपण्यासाठी म्हणून संप्रेरकं घेऊ नयेत. पण वय साठच्या आत असेल, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील, वाफा आणि घामाने झोप उडाली असेल आणि झटका, पक्षाघात, गुठळी, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा आजार यांतलं काही नसेल, तर फायदा धोक्यापेक्षा सहसा जास्त असतो. अमेरिकेने २००३ मध्ये या औषधांवर हृदयविकाराचा चौकटीतला इशारा छापायला लावला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो काढण्याचं जाहीर केलं. माझ्या मते २००२ ची सरसकट भीती जितकी चूक होती, तितकीच चूक आता सरसकट कौतुक करण्यात होईल. ज्यांना संप्रेरकं चालत नाहीत, त्यांच्या वाफांसाठी संप्रेरकांविना चालणारी औषधंही आहेत.

महाराष्ट्रात हा प्रश्न पन्नाशीची वाट पाहत नाही. बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयात काढल्या जातात, हे २०१९ मध्ये सर्वांसमोर आलं आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते. ते ठेवले तरी ती काही वर्षं अलीकडे येऊ शकते. ४५ च्या आत अंडाशय गेलेल्या बाईला हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि दुसरी अडचण नसेल तर रजोनिवृत्तीच्या नेहमीच्या वयापर्यंत तिला संप्रेरकं द्यावीत असा वैद्यकीय सल्ला आहे. २००२ ची बातमी तिच्यासाठी कधीच नव्हती.

तुमच्या घरात, वस्तीत, टोळीत अशी कुणी असेल तर तिच्या शस्त्रक्रियेचा कागद शोधा. अंडाशय काढले की ठेवले, हे त्यावरून डॉक्टरांकडून समजून घ्या. तिचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल या वर्षीच तपासून घ्या.