दिंडीच्या ट्रॉलीत सामान कसे भरावे?

बेळगाव परिसरातून पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीबरोबर सामानाचा ट्रॅक्टर असतोच. तंबू, शिधा, पातेली, गॅस, पाण्याची टाकी असे सगळे ट्रॉलीत चढते. निघायच्या आदल्या रात्री, हाताला लागेल ते आधी, अशा घाईत आपण ती भरतो. पण त्याच ट्रॉलीच्या मागेपुढे आपली माणसे चालत असतात. म्हणून ती कशी भरावी हे समजून घेऊ.

जुन्या गाडीवानांना हे सांगावे लागत नसे. मागे वजन जास्त झाले की बैलगाडी उलाळ व्हायची, जू वर उचलले जायचे. पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर भार यायचा. दोन चाकांच्या ट्रॉलीचेही तसेच आहे. मागे भार जास्त झाला की ट्रॉलीचा दांडा हुकाला वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि उतारावर ट्रॉली डोलू लागते. पुढे फारच भार झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात व स्टेअरिंग नीट लागत नाही.

भरताना

- जड सामान तळाला, चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवावे. गाद्या, तंबूचे कापड वर.
- डावी-उजवी बाजू सारखी भरावी.
- १,००० लिटर पाणी म्हणजे १ टन. टाकी बरोबर चाकांच्या वर ठेवली तर पाणी संपत गेले तरी पुढचा-मागचा तोल बिघडत नाही. अर्धवट टाकीतले पाणी वळणावर हेलकावते, म्हणून मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या बऱ्या.
- सिलिंडर उभे ठेवून बांधावेत.

वजन पाहताना

वजनकाट्यावर ट्रॉली सोडवून, स्टँडवर उभी करून पूर्ण वजन घ्यावे. मग ट्रॅक्टर जोडून फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर ठेवावीत. समजा पहिले वजन ३,००० किलो आणि दुसरे २,६०० किलो भरले, तर ४०० किलो भार हुकावर आहे. ट्रॅक्टरला किती भार चालतो, हे त्याच्या पुस्तिकेत पाहून ताडून घ्यावे.

रोज सकाळी

आपले चुकते ते इथे. पहिल्या दिवशी तोल बरोबर असतो. पण पुढे ठेवलेली तांदळाची पोती रोज रिकामी होतात, मागची पातेली तेवढीच राहतात. चार दिवसांत तीच ट्रॉली उलाळ होते. म्हणून रोज निघण्यापूर्वी सामान सारखे करावे, दोर पुन्हा आवळावेत, टायरची हवा, हुकाची पिन, साखळी आणि मागचे लाल रिफ्लेक्टर पाहावेत.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. पाय दुखले म्हणून कुणाला सामानावर बसवू नये. मालवाहू ट्रॉलीत माणसे बसवायला कायद्याने मनाई आहे, आणि ट्रॉली कलंडली तर वर बसलेला माणूस सामानाखाली सापडतो. थकलेल्या माउलींसाठी दिंडीबरोबर एक जीप ठेवावी. तो खर्च वर्गणीत आधीच धरू.