लांडमन्नालॉयगर : एका दिवसाची वाट

सह्याद्रीत वावरलेल्या माणसाला ज्वालामुखीच्या भूमीची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. रायगडाची चढण असो की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, पायाखालचा कातळ म्हणजे थिजलेला शिलारसच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरला आणि पुढे पावसापाण्याने त्याचे कडे व घळी कोरून काढल्या. आपल्याकडे अग्नीचे काम केव्हाच संपले आहे. आइसलंडच्या अंतर्भागात मात्र ते अजून चालू आहे. तेथील लांडमन्नालॉयगर या ठिकाणी पायी हिंडणे म्हणजे काय, हे आज सांगावयाचे आहे.

राजधानी रेक्याविकपासून हे स्थान मोटारीच्या वाटेने सुमारे १८० ते १९० किलोमीटर दूर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. बेटाचा हा मध्यभाग निर्जन आहे. तेथे गाव नाही, शेत नाही, बारमाही वस्ती नाही. डोंगरातील कच्चे रस्ते बर्फ वितळल्यावर, बहुधा जूनच्या उत्तरार्धात, खुले होतात आणि सप्टेंबरनंतर हवा बिघडली की पुन्हा बंद पडतात. स्थानाचे नावच त्याचा इतिहास सांगते. ‘लांड’ नावाच्या परगण्यातील लोकांची उष्ण पाण्याची कुंडे, असा त्याचा अर्थ. उन्हाळ्यात डोंगरावर मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या शरदात हुडकून खाली नेण्यासाठी आलेले शेतकरी येथे मुक्काम करीत आणि शिणलेले अंग या पाण्यात शेकून घेत.

आइसलंडचा बराचसा भाग आपल्या दख्खनसारखाच काळ्या बेसाल्टचा आहे. पण येथील डोंगर पिवळे, गुलाबी, करडे, हिरवट अशा रंगांचे दिसतात. कारण हा ऱ्हायोलाइट नावाचा वेगळा पाषाण आहे. आपल्याकडे तो पाहावयाचा झाल्यास गुजरातेतील पावागडाच्या माथ्यावर जावे लागेल. दोहोंतील फरक गृहिणींना चटकन कळेल. बेसाल्टचा रस पातळ पाकासारखा; तो दूरवर वाहत जातो आणि सपाट थर घालतो. ऱ्हायोलाइटच्या रसात सिलिकाचे प्रमाण फार असल्यामुळे तो चिक्कीच्या पाकासारखा घट्ट असतो. तो वाहत नाही, ढिगाने साचतो. चिक्कीचा पाक ताटात ओतला की पाहता पाहता काचेसारखा होतो, तसाच हा रस लवकर थिजला की त्याची काळी, चकाकणारी काच बनते. शास्त्रज्ञ तिला ऑब्सिडियन म्हणतात. आइसलंडच्या लोकांचा शब्द मला अधिक आवडतो : ‘ह्रप्नतिन्ना’, म्हणजे डोमकावळ्याची गारगोटी.

निवाऱ्याच्या दारातूनच अशा काचेचे एक रान सुरू होते. त्याचे नाव लॉयगाहरॉयन. इ. स. १४७७ मधील उद्रेकात ते निर्माण झाले. आपल्याकडे महमूद गवान बहमनी राज्याचा कारभार पाहत होता, त्या काळची ही जमीन. भूमी म्हणून पाहता ती अगदी कालची म्हणावी लागेल. तिच्यावर माती धरलेली नाही; दगडांच्या धारा तशाच तीक्ष्ण आहेत आणि सांदीकोपऱ्यांतून जाड शेवाळ माजले आहे. या रानातून वाट काढीत ब्रेनिस्टेन्साल्डा या डोंगराशी जावे, ८५५ मीटरचा माथा गाठावा आणि हिरव्या खडकांच्या ग्रायनागिल घळीतून परत यावे, हा तेथील नेहमीचा फेरा. अंतर सहासात किलोमीटरांचे. डोंगराच्या नावाचा अर्थ ‘गंधकाची लाट’. पायथ्याशी वाफेची छिद्रे फुसफुसत असतात आणि वज्रेश्वरीच्या कुंडांपाशी येतो तसा वास सुटलेला असतो. येथे आखलेली वाट सोडू नये. वाफेने शिजून मऊ झालेली फिकट माती वरून घट्ट भासते, पण पाऊल पडताच खचते, आणि खाली उकळता चिखल असतो. शेवाळावरही पाय देऊ नये. त्यावर उमटलेले पाऊल बुजावयास कित्येक वर्षे लागतात.

ज्यांच्या पायांत अधिक बळ असेल त्यांनी समोरचा ब्लाउह्नुकुर, म्हणजे निळे शिखर, चढावा. उंची सुमारे ९४० मीटर. हा डोंगर हिमाच्या जाड थराखाली झालेल्या उद्रेकातून घडला. अग्नीला वर बर्फाचे झाकण होते, म्हणून त्याचा रंग आणि घडण शेजाऱ्यांहून निराळी.

अंतरे ऐकून कोणी म्हणेल, यात कठीण ते काय? राजगडाला जाणारा याहून अधिक चालतो. खरे आहे. पण आपल्याकडे दिवसाचा हिशेब अंधारावर बसवावा लागतो. सूर्य कलला की उतरावयास लागावे, हा आपला नियम. आइसलंडात जूनमध्ये रात्र जवळजवळ होतच नाही, त्यामुळे ‘अजून उजेड आहे’ हा विचार माणसाला पुढे पुढे नेतो. तेथे घड्याळाचे काम धुके आणि वारा करतात. उजेड भरपूर असून समोरचा खांब दिसेनासा होतो. खाली बर्फ, वर ढग, आणि दोहोंमधील रेषा पुसलेली. लांडमन्नालॉयगरपासून सुमारे १२ किलोमीटरांवर, हजार मीटरांहून अधिक उंचीवर, ह्रप्नतिन्नुस्केरचा निवारा आहे. जाऊन येऊन एका दिवसात होणारी वाट म्हणून पुष्कळ जण तिकडे निघतात. २००४ च्या जून महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, एक तरुण पदभ्रमणकर्ता हिमवादळात सापडून त्याच वाटेवर मृत्यू पावला. निवारा फार दूर नव्हता. आज तेथे दगडांची स्मृतिरास उभी आहे आणि शहाणे लोक तिच्यापाशी थांबून आकाशाकडे पाहतात.

म्हणूनच तेथे निघण्यापूर्वी हवामानखात्याचा अंदाज पाहणे, निवाऱ्याच्या रखवालदाराला आपली वाट आणि परतण्याची वेळ सांगणे, नकाशा व होकायंत्र जवळ ठेवणे, या गोष्टींना कोणी भित्रेपणा समजत नाही. दूरध्वनीची लहर सर्वत्र पोहोचत नाही. बचावपथके आहेत, त्यांतील माणसे स्वयंसेवक आहेत, पण त्यांनाही यावयास वेळ लागतो. कपडे लोकरीचे असावेत. आपले सुती कापड भिजले की अंगाची ऊब शोषून घेते. ओढे व नद्या शक्यतो सकाळी ओलांडाव्यात, कारण दिवसाच्या उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढते. निवाऱ्याच्या अलीकडेच असे पाणी आडवे येते. अनेक जण मोटार अलीकडे ठेवून पादचारी पुलावरून पलीकडे जातात. २०२४ च्या उन्हाळ्यात तर मोटार उभी करावयाची जागाही आधी राखून ठेवावी लागत होती, इतकी गर्दी या निर्जन प्रदेशात होऊ लागली आहे.

आणि निम्म्या वाटेवरून परतावे लागले, तरी कुंड आहेच. लाव्ह्याच्या कडेखालून कढत पाणी झिरपते आणि थंड ओढ्याला मिळते. मध्ये कोठेतरी सोसवेल असा ऊबदार पट्टा असतो. तो मात्र ज्याचा त्याने, थोडे इकडे, थोडे तिकडे सरकून, शोधून काढावा लागतो.