काशीत राहताय? मग डॉक्टरांना ‘जुलाब’ सांगू नका

बदली झाली, सामान आलं, गॅस जोडला गेला आणि तिसऱ्याच आठवड्यात मुलाचं पोट बिघडलं. तुम्ही त्याला घेऊन गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाता आणि आपल्या हिंदीत सांगता, “इसको सुबह से जुलाब हो रहा है.” डॉक्टर गोंधळून विचारतात, “जुलाब दिया किसने?”

कारण हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ व्हायला घेतलेलं औषध. आपल्याला म्हणायचं असतं ‘दस्त’. दवाखान्यात समोरासमोर हा घोळ मिनिटभरात निस्तरतो. रात्री अकरा वाजता, फोनवर, जीव घाबरलेला असताना तो लांबत जातो.

‘पित्त’ हा शब्द तर आणखी फसवा. आंबट ढेकर, छातीतली जळजळ, उपाशी राहिल्याने दुखणारं डोकं, सगळं आपल्याकडे पित्तच. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. इथे पित्त म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पित्ताची थैली येऊ शकते आणि त्यात त्याचं चुकत नाही. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचे खडे आणि पित्ताशयाचा कर्करोग हे दोन्ही आजार दक्षिणेपेक्षा जास्त आढळतात. म्हणून जळजळ असेल तर “सीने में जलन” म्हणा, गांधी उठल्या असतील तर “पित्ती उछली है”. आणि याची उलटी बाजूही ध्यानात ठेवा: तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली वारंवार दुखत असेल, तर “माझं जुनं पित्त आहे” म्हणून सोडा पिऊन गप्प बसू नका. सोनोग्राफी करून घ्या.

मळमळीला इथे ‘जी मिचलाना’ म्हणतात, धाप लागण्याला ‘साँस फूलना’, कणकणीला ‘हरारत’. हे चार-पाच शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. विशेषतः घरी फक्त मराठी बोलणारे आजी-आजोबा असतील तर. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचेच, इतका हा शेजार जुना. अशा एखाद्या घराशी ओळख काढा. कुठला डॉक्टर म्हाताऱ्या माणसाचं नीट ऐकून घेतो, हे तिथेच कळतं.

आता थंडीचं. पुण्या-मुंबईच्या माणसाला डिसेंबर-जानेवारीतली इथली थंडी नवीन असते. दिवसचे दिवस धुकं, ऊन नाही, भिंती गार. शेजारी प्रेमाने ‘बोरसी’ आणून देतात. बोरसी म्हणजे निखाऱ्यांची मातीची शेगडी. अंगणात तिच्याभोवती जरूर बसा. पण दारं-खिडक्या लावून ती खोलीत ठेवून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेतून जागही येत नाही. या वायूने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसं जातात. घरातल्या सगळ्यांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर ते ‘थंडी बाधली’ समजू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग १०८ला फोन करा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचाही हाच धोका. खिडकी थोडी उघडी असू द्या, मुलं कुरकुरली तरी.

उन्हाळ्यात चित्र उलटं. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ‘लू’ वाहते. कोकणातल्या घामट उकाड्यासारखी ही नसते. कोरड्या वाऱ्यात घाम लगेच उडतो, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. तहान लागायची वाट पाहू नका. कैरीचं पन्हं आपलंच, इथे त्याला ‘आम पन्ना’ म्हणतात. सत्तूचं सरबतही उत्तम, फक्त हा सत्तू आपल्या सातूचा नव्हे, भाजलेल्या हरभऱ्याचा. दस्त लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला छोटाच चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. पण उन्हातून आलेलं माणूस असंबद्ध बोलत असेल, अंग तापलेलं असेल, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत आडवं करून अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि १०८ लावा.

शेवटी पाहुणे. काशीत घर म्हटलं की गावाकडून सगळे येणारच! त्यांना निघण्याआधीच सांगा: रोजच्या गोळ्या जास्तीच्या आणा आणि चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून आणा. तिथला ब्रँड इथल्या दुकानात मिळेलच असं नाही. गंगाजल देवघरात ठेवा, पण बाळाच्या तोंडात घालायला उकळलेलं पाणीच वापरा. आजी रागावल्या तर डॉक्टरांचं नाव सांगा. आणि गोदौलियाला ठंडाई प्यायला नेलंत तर आधी विचारा, “इसमें भांग तो नहीं?” इथे भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत, आणि तिचा अंमल तासाभराने चढतो. तोवर रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे काका घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरत असतात.