बर्फाच्या पोटातली साखर

जानेवारी 2017 च्या शेवटच्या आठवड्यात काश्मीरच्या गुरेझ खोऱ्यात हिमकडे कोसळले. त्याखाली गाडल्या गेलेल्या जवानांत अकोल्याचे आनंद गवई आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या माना गावचे संजय खंडारे होते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या आमच्या वऱ्हाडात हिमस्खलन हा शब्द असा घरात आला. त्यामागचे विज्ञान आपल्याला ठाऊक असायलाच हवे, असे मला तेव्हापासून वाटते.

डोंगरउतारावरचा बर्फ एकजीव नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा थर वेगळा बसतो आणि घात बहुधा खालचा, जुना थर करतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, तर वरचा पापुद्रा निरभ्र रात्री उणे 20 पर्यंतही गारठतो. मीटरभर जाडीत 10 अंशांहून जास्त फरक पडला, की खालची वाफ वर सरकत कणांवर पुन्हा गोठते. चिकटून बसलेले कण सुटे, कंगोरेदार होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे ओघळतात. म्हणूनच कमी बर्फाचा हिवाळा बिनधोक, हा समज घातक आहे. थर पातळ असला, की ही साखर लवकर तयार होते. तिच्यावर वाऱ्याने आणलेल्या बर्फाचा घट्ट थर बसला, तर एका माणसाच्या वजनानेही तो निसटू शकतो. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे.

हे थर तपासायला जाणकार सुरक्षित जागा पाहून फावड्याने खड्डा खणतो. दर 10 सेंटिमीटरवर तापमान घेतो. मग प्रत्येक थरात आधी मूठ, ती शिरली नाही तर चार बोटे, मग एक बोट, पेन्सिल, शेवटी सुरी. कडक थराखाली मूठ सहज शिरली, तर धोका समजावा. पुढे 30 सेंटिमीटर रुंदीचा खांब कापून त्यावर फावडे ठेवतात आणि थापा मारतात: मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10. कितव्या थापेला खांब तुटला आणि वरचा भाग कपाटाच्या खणासारखा सरकन बाहेर आला का, ते पाहतात. ओल पाहायला बर्फाचा गोळा वळतात. वाफसा आला का, हे मातीचा गोळा वळून ठरवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला ही परीक्षा नवी वाटणार नाही.

पण एक खड्डा एकाच जागेचे सांगतो. शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसले, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा बर्फाला तडा धावत गेला, तर खड्ड्याचा निकाल बाजूला ठेवून मागे फिरावे. भारतात हा अभ्यास 1969 मध्ये मनालीत स्थापन झालेल्या संरक्षण खात्याच्या संस्थेने उभा केला. आज तिची वारसदार असलेली चंडीगडची संस्था धोक्याच्या पाच पातळ्यांत इशारे देते.

गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला, तर बहुधा वाचतो. पस्तीस मिनिटांनंतर तिघांत एखादाच. बाहेरून मदत यायला एवढा वेळ नसतो. म्हणून प्रत्येकाजवळ गाडलेल्याची जागा दाखवणारे संदेशयंत्र, बर्फात खुपसून पाहायची लांब सळई आणि फावडे असते. सळई माणसाला लागली, की ती तशीच रोवून ठेवायची आणि उताराच्या खालच्या बाजूने खणत आत शिरायचे.