तीन बोटांचा माग

मेळघाटातला जुना वनरक्षक वाघाच्या प्रत्येक ठशावर सारखा भरवसा ठेवत नाही. ओल्या चिखलात पंजा पसरतो, बोटं फाकतात आणि ठसा पंजापेक्षा मोठा उमटतो. बारीक धुळीत तोच पंजा आटोपशीर दिसतो. मेळघाट व्याघ्रप्रकल्पात आला तेव्हा, म्हणजे 1973-74 साली, वाघांची मोजणी ठशांवरच चालायची. ठशावर काच धरायची, वरून कडा गिरवायच्या आणि दर वाघाचा ठसा निराळा असतो असं धरून आकडा काढायचा. 2005 मध्ये राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि या पद्धतीवरचा विश्वास उडाला. 2006 च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅप आले.

ज्याला डोळ्यांनी पाहता येतं त्या वाघाच्या बाबतीत ही गत. मग कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलातून चालत गेलेल्या मांसाहारी डायनोसॉरचा ठसा दगडात सापडला, तर तो कोणाचा हे कसं सांगणार? जीवाश्मशास्त्राने यावर काढलेला तोडगा मला फार प्रामाणिक वाटतो. ठसा कोणाचा ते ठामपणे सांगता येत नसेल तर सांगू नये. ठशालाच नाव द्यावं. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अशा नावांना स्वतंत्र जागा आहे. त्यांना प्रजाती आणि जाती असतात, लॅटिन धाटणीची दुहेरी नावं असतात. पण ठशाचं नाव आणि हाडांवरून ठेवलेलं नाव यांच्यात आधी कोण, नंतर कोण हा वाद लागत नाही. आज हयात असलेल्या प्राण्याच्या पावलाला मात्र असं नवं नाव ठेवता येत नाही. मेळघाटच्या वाघाचा ठसा वाघाचाच राहतो.

या नावांची सुरुवात अमेरिकेतल्या कनेटिकट नदीच्या खोऱ्यात झाली. 1802 साली प्लिनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला शेतात तीन बोटांचे ठसे असलेली फरशी मिळाली. गावकऱ्यांनी ते बायबलमधल्या नोहाच्या डोमकावळ्याचे ठसे ठरवले. पुढे अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजातले एडवर्ड हिचकॉक या ठशांच्या मागे लागले. 1836 मध्ये त्यांनी ठशांचं पहिलं वर्णन छापलं. मोठे ठसे प्रचंड पक्ष्यांचे आहेत अशी त्यांची धारणा होती. त्यातल्या एका मोठ्या ठशाला पुढे, 1845 मध्ये, त्यांनी ‘युब्रॉन्टिस’ हे नाव दिलं आणि ‘युब्रॉन्टिस जायगँटियस’ आजही चालतं. पक्ष्यांचा अंदाज मागे पडला, ठशाचं वर्णन मात्र टिकलं. प्राण्याच्या अंदाजावर नाव बेतलं असतं तर अंदाजाबरोबर तेही बुडालं असतं. हिचकॉक यांना हसण्याचं कारण नाही. पक्षी याच मांसाहारी डायनोसॉरांच्या कुळातून आले, हे आज शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे.

ठसा वाचायचा कसा? मांसाहारी डायनोसॉरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीला जास्त असतो. तीन बोटं पुढे, मधलं सर्वांत लांब, टोकाला नखाची अणकुचीदार खूण. ठसा उत्तम उमटला असेल तर बोटांखालच्या गाद्याही मोजता येतात: आतल्या बोटाला दोन, मधल्याला तीन, बाहेरच्याला चार. दोन पायांवर चालणाऱ्या शाकाहारी डायनोसॉरच्या ठशाची बोटं जाड नि बोथट, ठसाही पसरट. लांबी, रुंदी, बोटांमधला कोन, एका पावलापासून पुढच्या पावलापर्यंतचं अंतर, सगळं टिपून घ्यायचं. पूर्वी खडूने कडा रेखून पारदर्शक कागदावर उतरवायचे, प्लास्टरचे साचे घ्यायचे. आता अनेक कोनांतून फोटो काढून संगणकावर त्रिमिती ठसा उभा करतात.

युब्रॉन्टिसच्या कुळातले ठसे रूढीने आकारावरून वेगळे करतात: 15 सेंटिमीटरच्या आतले ‘ग्रॅलेटर’, 15 ते 25 ‘अँकिसॉरिपस’, त्याहून मोठे ‘युब्रॉन्टिस’. खरी अडचण इथेच आहे. ठसा जसा मोठा तसं मधलं बोट बाकीच्यांच्या मानाने आखूड होत जातं. मग हे तीन वेगळे प्राणी, की एकाच प्राण्याची पिल्लं, तरणे आणि म्हातारे? शिवाय आपल्याला दिसतो तो ठसा पाय टेकला त्याच पृष्ठभागावरचा असेलच असं नाही. वजनाने खालचे थरही दबतात आणि तिथे कडा पुसट, बोटं बोथट उमटतात. अशा बिघडलेल्या ठशांनाही गेल्या दोनशे वर्षांत उत्साहाने नावं दिली गेली. त्यातली कितीतरी पुढच्या अभ्यासकांनी मोडीत काढली, हे बरंच झालं. नाव पायाच्या रचनेला द्यायचं असतं, चिखलाच्या ओलीला नव्हे.

मालकाचं नाव घेण्याइतकी खात्री क्वचितच होते. न्यू मेक्सिकोत 1983 साली मिळालेला 85 सेंटिमीटरच्या आसपासचा ठसा त्यातला एक. तो ठसा उमटला त्या काळी त्या भागात एवढा मोठा मांसाहारी प्राणी टायरॅनोसॉरसखेरीज कोणी ठाऊक नाही. तरीही 1994 मध्ये ठशाला ‘टायरॅनोसॉरिपस’ हे वेगळंच नाव मिळालं.

भारतातलं ठळक उदाहरण जैसलमेरजवळच्या थईयातचं. जानेवारी 2014 मध्ये जयपूरला जुरासिक काळावरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि तिच्या अभ्यासदौऱ्यात सुमारे 20 कोटी वर्षं जुन्या लाठी थरांत तीन बोटांचे ठसे दिसले. पुढे तिथल्या ठशांना युब्रॉन्टिस जायगँटियसशी जुळणारे, युब्रॉन्टिस ग्लेनरोझेन्सिस आणि ग्रॅलेटर टेनुइस अशी तीन नावं मिळाली. मोठे ठसे 35 सेंटिमीटरचे, ग्रॅलेटर जेमतेम साडेपाचचा. पावलाच्या चौपट कंबरेची उंची, या ठोकताळ्याने मोठ्या प्राण्याची कंबर 1.4 मीटरवर येते. इंग्लंडच्या मॅकनील अलेक्झांडर यांनी 1976 मध्ये हीच उंची आणि पावलांमधलं अंतर घेऊन चालण्याचा वेग काढण्याचं सूत्र मांडलं. त्यामुळे ठसा धावत्या पायाचा की सावकाश चालीचा, हेही कळतं. हाड कितीही सुंदर जपलेलं असो, ते एवढं सांगत नाही.

वऱ्हाडाचं म्हणाल तर अकोल्यापासून अमरावतीपर्यंत आपण बहुतेक काळ्या बेसॉल्टवर आणि पूर्णेच्या गाळावर उभे आहोत. त्या लाव्हाखालचे लमेटा थर सातपुड्याच्या पायथ्याशी उघडे पडतात: मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला, आणि बहिरमच्या यात्रेत रोडगे खाऊन परतणाऱ्यांच्या वाटेजवळ बेलखेड्याकडे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातले अशोक श्रीवास्तव आणि आर. एस. मानकर यांनी या थरांतली बिळं आणि बोगदे अभ्यासले; तीही ठशांच्याच नियमाने नावं घेतात. 2013 मध्ये त्यांनी सालबर्डीतलं डायनोसॉरच्या पुढच्या पायाचं हाड ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं आणि 2015 मध्ये अंड्यांचं घरटं. त्या अंड्यांचं नाव ‘मेगालूलिथस’. तेही अंड्याचं नाव, आईचं नाही. अर्जेंटिनात आउका महुएवो इथे याच प्रकारच्या अंड्यांत टायटनोसॉर कुळातल्या डायनोसॉरची पिल्लं मिळाली, म्हणून सालबर्डीची आई त्याच कुळातली असावी असं म्हणता येतं. त्यापुढे जाऊन तिची जात सांगायला आधार नाही.

घरटं आहे तिथे अंड्यांवर टपलेलं कोणी असणार. लमेटा थरांतच जबलपूरचा इंडोसुकस आणि गुजरातेतल्या रहियोलीचा राजासॉरस हे शिकारी हाडांवरून ठाऊक आहेत. म्हणून महाशिवरात्रीला सालबर्डीला महादेवाच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी कोणाला नदीकाठच्या दगडात तीन बोटं दिसलीच, तर छिन्नी लावू नये. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा. पुढचा-मागचा ठसा त्याच फरशीवर आहे का ते पाहावं, जागा नोंदवावी आणि अमरावतीच्या भूशास्त्र विभागाला कळवावं.