छोट्या घरासाठी छोटा कुत्रा

फ्लॅटमध्ये छोटाच कुत्रा बरा, हे खरे. पण केवळ आकार पाहून निवड करू नका. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीतला पग मुलांच्या मनात भरला आणि अनेक घरांत पग आले. पग प्रेमळ असतो, फारसा भुंकत नाही. मात्र चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात त्याला धाप लागते. म्हणून दुपारी फिरवू नका. अशा कुत्र्यांना अनेक विमान कंपन्या सामानाच्या कक्षातून नेत नाहीत. डॅशहंडच्या लांब पाठीला मणक्याचे दुखणे लवकर जडते. त्याला सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका. पॉमेरेनियन राखण चांगली करतो, पण भुंकून शेजाऱ्यांची झोपही मोडतो.

रेल्वेत वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित असेल, तरच कुत्र्याला जवळ ठेवता येते. नाहीतर ब्रेकव्हॅनमधील पेटीत. रेबीजच्या लसीचा दाखला सोबत असू द्या.

हे कुत्रे साधारण १२ ते १५ वर्षे जगतात. आज हट्ट धरणारा तुमचा दहा वर्षांचा मुलगा तोवर शिक्षण-नोकरीसाठी घराबाहेर पडलेला असेल. तेव्हा म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवणार कोण, हे आधी ठरवा. पिल्लू मग आणा.