कोतवाल बुक ते वॉर्ड ऑफिस : मुंबईच्या उपनगरांतील पूर्वजांच्या नोंदी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे जन्मलेल्या पणजोबांची नोंद शोधणाऱ्याला नावाच्याही आधी, ते गाव त्या वर्षी कोणाच्या हद्दीत होते हे ठरवावे लागते. कारण जन्ममृत्यूची नोंद त्या काळच्या स्थानिक दप्तरात होते आणि पुढे हद्द सरकली तरी दप्तर तिच्यामागून जातेच असे नाही. एकोणिसाव्या शतकात ही गावे ज्यात येत तो साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १९२० मध्ये त्याच्या दक्षिण भागातून मुंबई उपनगर जिल्हा निघाला. माहीम-शीवपाशी थांबलेली महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत गेली, तेव्हा अंधेरी आणि घाटकोपर तीत आले. बोरिवली व मुलुंड मात्र १९५७ मध्ये आले. आजचा मुंबई उपनगर जिल्हा तर १ ऑक्टोबर १९९० चा आहे.

नगरपालिका नसलेल्या गावात ही नोंद महसुली दप्तरातील गाव नमुना १४ मध्ये होत असे. पाटील-तलाठ्यांच्या हाताखालच्या कोतवालावरून लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तारीख, बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, मृत्यू असल्यास त्याचे कारण, असा मजकूर त्यात येतो आणि जुनी पाने पुष्कळदा मोडी लिपीत असल्याने तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल मिळाली तरी ती वाचणारा जाणकार वेगळा शोधावा लागतो. नोंद बारशाच्या आधी झालेली असल्यास मुलाचे नावच नसते. अशा वेळी बापाचे नाव आणि भावंडांची वये यांवरून हे मूल कोणते याचा अंदाज बांधावा लागतो. एकाच गावठाणात त्याच नावाचे दोन बाप निघाले, तर अंदाजही लटका पडतो.

हौस म्हणून या वह्या उघडणारे थोडे. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार पडताळणी समितीपुढे वंशावळ आणि तिला आधार देणारे जुने पुरावे ठेवावे लागतात. आरे परिसरातील वारल्यासारख्या अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला ६ सप्टेंबर १९५०, तर आगरी समाजासारख्या इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा व नोंदीचा प्रश्न येतो. त्यामुळे निरक्षर आजोबांचा शाळेचा दाखला नसताना कोतवाल बुकातील एक ओळ नातवाच्या प्रवेशाला किंवा नोकरीला आधार होते. ज्यांच्याकडे कागद सर्वांत कमी, त्यांच्याकडेच तो सर्वाधिक मागितला जावा, हा या व्यवस्थेतला मोठा विरोधाभास आहे.

ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबांची वाट वेगळी. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातला असल्याने त्यांना सरकारी नोंदीच्या मागेही जाता येते. मात्र चर्चची वहीदेखील धर्मग्रामाबरोबर हलते : १५७९ मध्ये बांधलेले आणि १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडलेले सेंट जॉन चर्च आज अंधेरीतील सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या आवारात भग्नावस्थेत असून धर्मग्राम मरोळला गेले.

हद्दींचा असा गुंता इतरत्रही आढळतो. आयर्लंडमध्ये बिगर-कॅथलिक विवाहांची सरकारी नोंद १८४५ मध्ये आणि जन्म, मृत्यू व कॅथलिक विवाहांची १८६४ मध्ये सुरू झाली. तेथेही नोंदणीचे जिल्हे गरीब-साहाय्याच्या संघांवरून आखलेले असल्यामुळे काउंटीच्या सीमा ओलांडतात. परंतु स्थानिक नोंदींच्या प्रती डब्लिनला जात व त्यांची देशभराची सूची होई, आणि १९२२ च्या अभिलेखागाराच्या आगीत जनगणनेची बाडे जळाली तरी हा संग्रह वाचला. कोतवाल बुकांना अशी एकत्रित सूची नाही.

उपनगरांतील अनेक घराणी कोकण, देश वा कच्छमधून आलेली असल्याने दोन पिढ्यांत हा माग मूळ गावच्या तहसिलीत किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पोहोचतो. अलीकडच्या नोंदींसाठी १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा लागू होतो. त्याच्या कलम १७ नुसार कोणालाही शोध घेऊन उतारा मागता येतो, पण मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. आजोबा केव्हा व कोठे वारले हे नातवाला वॉर्ड ऑफिसात कळते, कशाने वारले ते कळत नाही.